डुक्कर फियाट आणि तिचे कुरूप भाईबंद

एरंडवणेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांची १९५७ सालची फियाट ११०० गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आली. तेव्हापासून ती सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी आहे आणि सोसायटीच्या दोन सभांत तिचा विषय निघालेला आहे. दुसऱ्या सभेत एका सभासदांनी "ते डुक्कर तिथून कधी हलणार?" असे विचारले. त्यांना टोमणा मारायचा होता, हे स्वरावरून कळतच होते. परंतु आपण गाडीचे रूढ नावच घेतले आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. मुंबई-पुण्याकडे या गाडीला पहिल्यापासून डुक्कर फियाटच म्हणत आले आहेत. पुढे आलेले बोथट नाक, फुगीर गाल आणि मागे एकदम उतरलेली गोल पाठ पाहिली की दुसरे नाव सुचतही नाही.

ही गाडी १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम दिसली आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बांधली. इंजिन १०८९ सीसीचे. पुढे पद्मिनी म्हणून जी गाडी घरोघरी पोहोचली, तिच्यातही याच घराण्याचे इंजिन होते. मामांच्या गाडीचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागरी मागे आणि कडी पुढे, असे उघडतात. नऊवारी सावरत गाडीतून उतरणाऱ्या आजीला ते फार सोयीचे वाटत असे. मात्र चालत्या गाडीत कडी निसटली तर वारा तो दरवाजा ओढून सताड उघडणार, ही त्याची दुसरी बाजू. अशा दरवाजांची पद्धत पुढे बंद झाली, ती उगाच नव्हे.

सभेनंतर मी विचार करू लागलो की ही गाडी कुरूप आहे, हे मलाही मान्य आहे, मामांनाही होते. मग तिच्यावर एवढा जीव का? केवळ आठवणींमुळे म्हणावे, तर ज्यांच्या घरात ती कधीच नव्हती, अशी मुलेही ताडपत्री उचलून पाहतात आणि हसतात. ते हसणे हेटाळणीचे नसते.

माझे मत असे झाले आहे की कुरूपता दोन प्रकारची असते. एक नटण्याची आणि दुसरी कामाच्या कपड्यांतली. जी गाडी सुंदर दिसण्यासाठी धडपडली आणि फसली, तिची आपण कीव करतो. जिने दिसण्याचा विचार बाजूला ठेवून नेमून दिलेले काम चोख केले, तिच्या रूपाची मात्र हळूहळू सवय होते आणि मग तेच रूप आवडू लागते.

दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत चांगले उदाहरण फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीच्या २ सीव्ही या लहान मोटारीचे आहे. कंपनीचे प्रमुख प्येर-ज्यूल बूलांजे यांनी १९३० च्या दशकात आपल्या अभियंत्यांपुढे जी अट ठेवली, ती एखाद्या शेतकऱ्याने गाडी मागावी तशी होती: दोन माणसे आणि पन्नास किलो बटाटे घेऊन ताशी साठ किलोमीटरने जावे, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची पाटी नेली तरी अंडे फुटू नये. चेहऱ्याबद्दल अक्षरही नाही. युद्धाच्या काळात नमुन्याच्या गाड्या जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून लपवल्या गेल्या, बऱ्याचशा मोडून टाकल्या गेल्या, आणि शेवटी १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली तेव्हा तिची थट्टाच झाली. पन्हळी पत्र्यासारखे बॉनेट, गुंडाळून मागे टाकता येणारे कापडी छप्पर, दोन्ही बाजूंना वेगळे खोवलेले दिवे, ३७५ सीसीचे नऊ अश्वशक्तीचे हवेने थंड होणारे इंजिन. परंतु एका बाजूचे पुढचे आणि मागचे चाक स्प्रिंगांनी एकमेकांशी असे जोडलेले होते की पुढचे चाक खड्ड्यात गेले तरी गाडी नाक खुपसत नसे. ज्या गाडीची थट्टा झाली, ती १९९० पर्यंत बनत राहिली आणि ३८ लाखांहून अधिक खपली.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे फोर्डची एडसेल. हेन्री फोर्डच्या मुलाचे नाव तिला दिले होते, ४ सप्टेंबर १९५७ रोजी प्रचंड जाहिरात करून ती बाजारात आणली, आणि तिच्या नाकावरच्या उभ्या, लांबट जाळीकडे पाहून लोकांना घोड्याच्या गळ्यातला पट्टा आठवला. दोन वर्षे उलटतात न उलटतात तोच, नोव्हेंबर १९५९ मध्ये, ती बंद करावी लागली. कंपनीला सुमारे पंचवीस कोटी डॉलरचा फटका बसला.

आपल्या पाहण्यातली, वापरातली किंवा निदान अभ्यासातली अशी कुरूप पण लाडकी गाडी कोणती, ते सांगावे. मात्र ती तशी का झाली, तेही सांगावे. "सौंदर्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते" एवढेच लिहायचे असेल, तर ते मी आधीच लिहिले आहे असे समजावे.

जाता जाता एक विनंती. मामांच्या गाडीच्या पुढच्या काचेचे रबर पूर्ण वाळून तडकले आहे. कोणाला ठिकाण माहीत असल्यास कळवावे.

नाना_पेठ

रबराचे नंतर बोलू. आधी गाडी चालू आहे का, ते सांगा.

डुक्कर काय किंवा पद्मिनी काय, उन्हाळ्यात घाट चढताना या गाड्यांची एकच रड असे. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून असल्यामुळे तापायचा, नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या अलीकडे गपकन बंद पडायची. उपाय सर्वांना ठाऊक होता: पंपावर ओले फडके टाकायचे, दहा मिनिटे थांबायचे, चहा प्यायचा. आमच्या वडिलांच्या गाडीत पाण्याची एक बाटली माणसांसाठी आणि एक पंपासाठी असे. आईने एकदा चुकून पंपाची बाटली पाहुण्यांना दिली होती.

कुरूप वगैरे मला कळत नाही. पण जी गाडी अशी थांबवते, तिच्याकडे माणूस दहा मिनिटे बघत बसतो. आजची गाडी थांबतच नाही, त्यामुळे तिच्याकडे कोण बघणार?

मृण्मयी_के

धागा वाचनीय आहे, परंतु मूळ प्रतिपादन मला पटलेले नाही. आपण गाड्यांचे दोन प्रकार केलेत. माझ्या मते भेद गाड्यांत नाही, काळात आहे. गाडी रस्त्यावरून नाहीशी झाली की ती लाडकी होते. असते तोवर ती नुसती कुरूप असते.

पुणेकरांना याचे उदाहरण दूर शोधायला नको. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ पासून जी तीनचाकी मालगाडी बांधली, ती हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीची हान्झेआट. कामाचे कपडे म्हणाल तर याहून कामाचे कपडे कोणते? पुढे एकच चाक, इंजिनही त्याच चाकापाशी, आणि तेच चाक सगळा बोजा ओढणार. तोंड असे की जणू कोणी नाकावर ठोसा मारला आहे. जर्मनीत ही गाडी १९५६ मध्येच बंद झाली होती, आपल्याकडे मात्र त्यानंतर कित्येक वर्षे ती मंडईत कांदे-बटाटे आणि लक्ष्मी रस्त्यावर कपड्यांचे गठ्ठे वाहत राहिली. आपल्या सिद्धान्ताप्रमाणे तिच्यावर पुण्याचे निरतिशय प्रेम असायला हवे होते.

मी तिच्या मागून शाळेत सायकलने जात असे. त्या फटफट आवाजाने आणि निळसर धुराने बाजीराव रस्त्यावर डोळे चुरचुरत. तिच्याबद्दल कोणी मायेने बोललेले मी त्या काळात ऐकलेले नाही. आता मात्र त्याच गाडीचे छायाचित्र दिसले की वर्गमित्रांच्या गटात "आहाहा" सुरू होते. गाडी तीच, चेहरा तोच. फक्त धूर येत नाही.

एरंडवणेकर

मृण्मयीताई, मुद्दा बिनतोड आहे, म्हणून लगेच मान्य करायला जड जाते.

एक गोष्ट मात्र आपण स्वतःच माझ्या बाजूने सांगितलीत. त्या कंपनीचे नाव आपण मराठीत सामान्यनाम करून टाकले. आज कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी आली तरी आपण "सामानाचा टेम्पो आला" असेच म्हणतो, आणि तीच गोष्ट मॅटाडोरची झाली. ज्या गाडीचे नाव घरातल्या ताट-वाटीसारखे तोंडी बसते, तिच्याविषयी लोकांना काहीच वाटत नव्हते, असे म्हणता येईल का? माया प्रत्येक वेळी बोलून दाखवली जाते असे नाही. पुण्यात तर नाहीच नाही.

निवृत्त_चिंचवडकर

मी आयुष्यभर पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वाहनांच्या पत्र्याच्या साच्यांवर काम केले. त्यामुळे गाडी कुरूप का होते, याविषयी थोडे अधिकाराने लिहितो. लांबी वाढली तर सांभाळून घ्यावे.

वाचकांची समजूत अशी असते की कोणी तरी कागदावर वाईट चित्र काढले आणि त्याची गाडी झाली. तसे क्वचितच होते. चित्र बहुधा बरेच असते. मग कोणी म्हणते की डोके छताला लागते. कोणी म्हणते की रेडिएटरला वारा पुरत नाही. हिशेबनीस म्हणतात की एवढा खोल साचा परवडणार नाही. आणि प्रत्येकाचे ऐकत गेले की शेवटी जे उरते, ते रस्त्यावर येते.

२ सीव्हीच्या पन्हळी बॉनेटचेच घ्या. पत्रा पातळ ठेवायचा होता, कारण वजन आणि पैसा दोन्ही वाचवायचे होते. सपाट पातळ पत्रा थरथरतो आणि दबतो. त्यालाच पन्हळ घातली की तो ताठ होतो. आपल्या गोदामांच्या छपराला पन्हळी पत्रा असतो, तो याच कारणाने. म्हणजे ज्याला लोक हसले, तो ताठपणा मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होता.

मॉरिस मायनरची गोष्ट याहून गमतीची आहे. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ती आखली आणि उत्पादनाची तयारी झाल्यावर त्यांना वाटले की गाडी फार अरुंद दिसते आहे. त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली, दोन्ही अर्धे जमिनीवर एकमेकांपासून जवळ-दूर सरकवून पाहिले आणि चार इंच रुंदी वाढवली. बॉनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी दिसते, ती त्या चार इंचांची खूण आहे. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना मात्र ती गाडी उकळत्या पाण्यात फोडून शिजवलेल्या अंड्यासारखी दिसली आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. १९४८ साली बाजारात आलेली हीच गाडी दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली.

१९५८ ची ऑस्टिन-हीली स्प्राइट घ्या. तिचे दिवे मूळ आराखड्यात बॉनेटमध्ये झोपणारे आणि गरज पडली की उभे राहणारे होते. ती यंत्रणा महाग पडते म्हणून दिवे कायमचे उभेच बसवले, आणि गाडी बेडूक झाली. इंग्रजांनी तिचे नावच बेडूकडोळी ठेवले. पैसे असते, तर ती सुंदर झाली असती आणि एव्हाना विस्मरणात गेली असती.

आणि आपल्याकडची सिपानी डॉल्फिन. बंगळूरला बनणारी ही लहान गाडी ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून घेतलेली होती. तिचे अंग फायबर ग्लासचे. कारण उघड आहे: पत्र्याच्या साच्यांना जो खर्च येतो, तो लाखो गाड्यांवर पसरला तरच झेपतो. थोड्याच गाड्या बनवायच्या असतील तर फायबर ग्लास स्वस्त पडते, पण त्यात कडा धारदार ठेवता येत नाहीत आणि सांधे झाकायलाही कष्ट पडतात. मग गाडी खेळण्यासारखी दिसते. मारुती आल्यावर या गाडीपुढे वाट उरली नाही. आमच्या चिंचवडच्या एका डॉक्टरांकडे ती होती. किरकोळ धडक झाली की ते दुरुस्तीला गॅरेजवाल्याकडे न जाता होड्या बनवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे जात.

तेव्हा धागाकर्त्यांना माझे सांगणे एवढेच की "कामाच्या कपड्यांतली कुरूपता" ही कल्पना चांगली आहे, पण ती कोणी ठरवून अंगीकारलेली नसते. ती तडजोडींतून येते. आणि एडसेलविषयी आपण लिहिलेत, ते अपुरे आहे. तिची उभी जाळी मुळात फार नाजूक, अरुंद आखली होती. इंजिनाला थंड ठेवण्याइतकी हवा तीतून जाणार नाही, असे अभियंत्यांनी सांगितले, म्हणून ती रुंद केली गेली आणि घोड्याचा पट्टा झाली. म्हणजे आपल्या नटव्या गाडीचे थोबाडही शेवटी कामापायीच बिघडले.

एरंडवणेकर

काका, एडसेलची ही बाजू मला ठाऊक नव्हती. माझा पहिला प्रकार यामुळे चांगलाच लंगडा झाला आहे, हे कबूल करतो.

तरीही एक फरक उरतो असे वाटते. २ सीव्हीत तडजोड झाली, ती गाडी वापरणाऱ्याच्या बाजूने झाली. अंडी फुटू नयेत म्हणून झाली. एडसेलमध्ये तडजोड झाली, ती आधी काढलेले चित्र वाचवण्यासाठी झाली. बसणाऱ्याला त्या जाळीतून काहीच मिळाले नाही. थोडे चिवटपणे भांडतो आहे, हे मला कळते आहे.

अकोलेकर_सध्या_कोथरूड

अ‍ॅम्बॅसेडरचे नाव अजून कोणी कसे घेतले नाही, याचे आश्चर्य वाटले. १९५७ पासून २०१४ पर्यंत कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात जी गाडी जवळपास त्याच चेहऱ्याने बनत राहिली, तिच्याहून कुरूप आणि लाडकी दुसरी कोणती?

एरंडवणेकर

साहेब, अ‍ॅम्बॅसेडर कुरूप नाही. ती स्थूल आहे. दोन्हींत फरक आहे.

अकोलेकर_सध्या_कोथरूड

पुण्यात राहायला येऊन मला अकरा वर्षे झाली; असा फरक इथेच करतात, हे आता मी शिकलो आहे.

सायली_व

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडते. कोनराड लोरेंझ या प्राणिशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये असे मांडले की मोठे डोळे, गोल कपाळ, फुगीर गाल आणि आखूड अवयव दिसले की माणसाच्या मनात लहान मुलाविषयी वाटावी तशी माया आपोआप जागी होते. मोटारीला आपण नकळत चेहरा देतोच: दिवे म्हणजे डोळे, जाळी म्हणजे तोंड. या दृष्टीने पाहिले तर मायनर, स्प्राइट, फोक्सवॅगनची बीटल आणि आपली डुक्कर फियाट या सगळ्या गाड्या मोठ्या डोळ्यांच्या, गोल कपाळाच्या आणि गुबगुबीत आहेत. ज्याला आपण कुरूप म्हणतो, ते पुष्कळदा मोठ्या माणसाच्या अंगावर लहान मुलाचा चेहरा असावा, तसे असते.

परंतु यामुळे सगळेच उलगडते, असे मी म्हणणार नाही. फियाटची १९९८ ची मुल्टिप्ला पाहा. ती अजून जुन्या गाड्यांत बसत नाही, पण उदाहरण चपखल आहे. चार मीटरपेक्षा किंचित कमी लांबीत तीन अधिक तीन अशी सहा माणसे बसवायची होती, म्हणून गाडी रुंद केली, आणि पुढच्या काचेखाली एक वळी काढून तीत जास्तीचे दिवे बसवले. तिच्या चेहऱ्यात बालपण कुठेही नाही. असलेच तर एखाद्या खोल समुद्रातल्या माशाचे असेल. ब्रिटनमध्ये तिच्या मागच्या काचेवर "समोरची बाजू पाहाल तेव्हा कळेल" अशा अर्थाचे स्टिकर कंपनीनेच लावले होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती प्रदर्शनात मांडली. पुढे २००४ मध्ये कंपनीने तिचा चेहरा चारचौघींसारखा केला, आणि आज त्या सुधारलेल्या गाडीची आठवणही कोणी काढत नाही.

इथे लोरेंझ उपयोगी पडत नाहीत. धागाकर्त्यांची अंड्यांची पाटी मात्र उपयोगी पडते. त्या गाडीत सहाजण खरोखरच ऐसपैस बसत.

बाणेर_व्हाया_ड्रेस्डेन

मी चार वर्षे पूर्व जर्मनीच्या भागात नोकरी केली आहे, म्हणून ट्राबांटबद्दल लिहिणे माझे कर्तव्य समजतो.

त्स्विकाऊच्या कारखान्यात १९५७ ते १९९१ या काळात तीस लाखांहून अधिक ट्राबांट बनल्या. पोलादाची टंचाई होती, म्हणून बाहेरचे अंग ड्युरोप्लास्टचे केले. कापसाचा टाकाऊ भाग आणि राळ यांचा थर दाबून ते बनवत. इंजिन दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, २६ अश्वशक्तीचे. पेट्रोलची टाकी बॉनेटखालीच, आणि पेट्रोल किती उरले ते पाहायला बराच काळ काटाच नव्हता. टाकीत पट्टी बुडवून पाहायचे. नाव नोंदवल्यावर गाडी हाती यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागत असे. बजाज चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या पुणेकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मला तिथे एका शेजाऱ्यांनी आपल्या ट्राबांटमध्ये बसवले. गाडी सुरू झाली, मागे निळा धूर निघाला आणि मला थेट आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याचे अंगण आठवले, जिथे वडील स्कूटर तिरपी करून किक मारत असत. तेलमिश्रित पेट्रोलचा तो वास तंतोतंत तोच होता. मी शेजाऱ्यांना तसे सांगितले, तर ते थोडे नाराज झाले. त्यांची अपेक्षा होती की गाडीची तुलना मी निदान गाडीशी करीन.

मृण्मयीताईंचा मुद्दा मला तिथे प्रत्यक्ष दिसला. बर्लिनची भिंत पडल्यावर लोकांनी याच गाड्या रस्त्याच्या कडेला बेवारस टाकून दिल्या होत्या. आता तिथे पर्यटकांना भाड्याने ट्राबांट चालवायला मिळते. परंतु माझ्या शेजाऱ्यांनी ती कधीच टाकली नव्हती. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की तिच्यातले जे बिघडते, ते मला स्वतःला दुरुस्त करता येते.

मृण्मयी_के

आपल्या शेजाऱ्यांचे उत्तर वाचून मी थोडी थांबले. माझे म्हणणे किंचित बदलते. गाडी नाहीशी झाल्यावर जे प्रेम बहुतेकांना वाटू लागते, ते स्वस्त असते. गाडी असताना ज्याला वाटते, तो बहुधा बॉनेट उघडणारा असतो. मी टेम्पोच्या मागे सायकलवर होते, टेम्पोच्या चाकाशी नव्हते. मंडईतल्या टेम्पोवाल्याला विचारले असते, तर कदाचित वेगळे उत्तर मिळाले असते. दसऱ्याला झेंडूची माळ घालताना तो त्या ठोसा खाल्लेल्या नाकावरून हात फिरवत असे, हे मला आता लिहिताना आठवले.

धूर मात्र मी माफ केलेला नाही.

निवृत्त_चिंचवडकर

उघडण्यावरून आठवले म्हणून लिहितो. अमेरिकेत १९७५ मध्ये एएमसी पेसर नावाची गाडी आली. तिला इतक्या काचा होत्या की लोक तिला माशांची बरणी म्हणत. तिचा चालकाच्या शेजारच्या बाजूचा दरवाजा चार इंच लांब ठेवला होता, कारण मागे बसणाऱ्यांना पदपथाच्या बाजूने सहज चढता यावे. विचार उत्तम होता. पण ब्रिटनसाठी गाडी उजवीकडे बसून चालवण्याजोगी करताना दरवाजे बदललेच नाहीत, त्यामुळे लांब दरवाजा चालकाकडे आणि वाहतुकीच्या बाजूला गेला. कामाचे कपडे घातले, पण उलटे, असा हा प्रकार.

पर्वती_पायथा

भावना बाजूला ठेवून एक व्यावहारिक मुद्दा मांडतो. १९५७ ची गाडी म्हणजे तिला पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत. २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार अशा दुचाकी आणि चारचाकी गाड्यांची "व्हिंटेज" म्हणून वेगळी नोंदणी करता येते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये पडतात. मात्र गाडीत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत, आणि अशी नोंदणी झाल्यावर ती रोजच्या वापरात किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच बाहेर काढता येते. भाजी आणायला न्यायची असेल तर विचार करून ठरवा.

एरंडवणेकर

आभारी आहे. भाजी आणायला न्यायचीच आहे, कारण मामा नेत असत. त्यामुळे तूर्त कागदपत्रे जशी आहेत तशीच चालू ठेवण्याच्या खटपटीत आहे.

नाना, आपण पहिल्याच प्रतिसादात विचारले होते, त्याचे उत्तर राहिले. इंजिन फिरते. मागच्या रविवारी कार्ब्युरेटर साफ केला, नवी बॅटरी लावली आणि चोक ओढून पाचव्या प्रयत्नात गाडी सुरू झाली. चार मिनिटे चालली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या तीन खिडक्या उघडल्या, त्यांतली एक सभेत प्रश्न विचारणाऱ्या सभासदांची होती. ते काही बोलले नाहीत, पण खिडकी त्यांनी गाडी बंद होईपर्यंत लावलीही नाही. यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही, कारण धूर बराच झाला होता आणि ते तक्रारीसाठी पुरावा जमवत असण्याचीही शक्यता आहे.

आता राहिले रबर. काच काढायला माणूस तयार आहे, पण जुने रबर काढताना त्याचे तुकडे होणार असे तो म्हणतो. पद्मिनीचे रबर मिळते, ते याला बसेल का?

नाना_पेठ

पद्मिनीचे बसणार नाही. काचेचा आकार वेगळा आहे. कोपऱ्यात सुरकुती पडेल आणि पहिल्याच पावसात पाणी डॅशबोर्डवर येईल. आमच्याकडे एकाने हट्टाने बसवले होते, त्याने पुढचे दोन पावसाळे मांडीवर टॉवेल ठेवून गाडी चालवली.

तयार रबर मिळणे अवघड आहे. पण छेद, म्हणजे रबर आडवे कापल्यावर दिसणारा आकार, जुळला तर मीटरवर मिळणारी पट्टी लावता येते. त्यासाठी जुन्या रबराचा वीतभर अखंड तुकडा लागेल, आणि तो खालच्या बाजूचा घ्या; वरचा भाग उन्हाने आक्रसलेला असतो, त्यावरून माप चुकते. काच काढणाऱ्याला सांगा की रबर आतल्या बाजूने कापायचे, बाहेरून ओढायचे नाही. काच फुटली तर मग रबराचा प्रश्नच उरणार नाही.

तुकडा घेऊन रविवारी जुन्या बाजारात या. मी कुंभारवेशीच्या बाजूला असतो. आठच्या आत या, नंतर बघ्यांची गर्दी होते. आणि गाडी घेऊन येऊ नका, लावायला जागा मिळणार नाही.

एरंडवणेकर

पावणेआठला पोहोचतो. तुकडा खालच्या बाजूचाच आणतो.

अकोलेकर_सध्या_कोथरूड

मीही येऊ का? मला काही घ्यायचे नाही, फक्त स्थूल आणि कुरूप यांतला फरक प्रत्यक्ष दाखवावा.

नाना_पेठ

या. चहाचे पैसे मात्र तुम्ही द्यायचे.